इंजेक्शनच्या बाटलीतला पांढरा रंग

ती घटना मी विसरलो असतो तर माझी मोठी सोय झाली असती. बावीस वर्षं खाकी घातली, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता पादचाऱ्यांच्या बाजूने पत्रकं काढतो, महापालिकेला आणि पोलिसांना जाब विचारतो. हा जाब मात्र माझा मलाच आहे. नावं कुणाचीच देत नाही.

मे महिन्यातला शनिवार. सकाळी सव्वासहाला कोथरूडमध्ये एका गाडीने एका बाईंना उडवलं. चार घरी पोळ्या करणाऱ्या बाई, पहिल्या घराकडे निघाल्या होत्या. गाडी थांबली नाही. बाई दवाखान्यात पोचायच्या आत गेल्या. पाहणारा एकच, कोपऱ्यावरचा पेपरवाला. त्याला 'पांढरी गाडी' एवढंच सांगता आलं. पुण्यात पांढऱ्या गाड्या किती, ते तुम्हाला माहीत आहे.

मी उपनिरीक्षक होतो, तपास माझ्याकडे होता. रविवारी सकाळी ठाण्यात फोन आला.

"आमच्या सोसायटीत एक जण सकाळपासून गाडीला रंग लावत बसलाय. पांढरी गाडी आहे. म्हटलं, कळवावं."

"आपलं नाव?"

"नाव कशाला? नागरिकाचं कर्तव्य केलं. आणि अहो, मुळात त्यांच्याकडे गाडी आली कुठून, तेही बघा जरा."

त्या 'त्यांच्याकडे'चा अर्थ मला अर्ध्या तासात कळला. इमारतीत बौद्ध कुटुंब एकच होतं. दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर, खाली पार्किंगमध्ये बारा-तेरा वर्षांची जुनी गाडी, आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेले गृहस्थ. वय सत्तावन्न, सरकारी कार्यालयात हेडक्लार्क. हातात बारीक कुंचला आणि इंजेक्शनची छोटी बाटली, तिच्यात पांढरा रंग. बॉनेटवर पाच-सहा ओले ठिपके.

मी पंच बोलावले, पंचनाम्यात 'ताजा रंग आढळला' असं लिहिलं, बाटली मुद्देमालात जमा केली. अकरा वाजता त्यांना ठाण्यात आणलं.

ठाण्यात त्यांना फरशीवर बसवलं.

"शनिवारी सव्वासहाला कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"बायको."

हवालदार हसला. "बायको काय, कुणाचीबी साक्षीदार असते."

"साहेब, मला काही लपवायचं असतं तर रविवारी सकाळी सगळ्या सोसायटीसमोर स्टूल टाकून बसलो असतो का?"

"हुशार माणसं तसंच करतात," असं म्हणून हवालदाराने त्यांच्या थोबाडीत दिली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. हेही लिहून ठेवतो.

ते सांगत राहिले, की खडी उडून रंगाचे टवके जातात, पावसाळ्यात तिथे गंज धरतो, म्हणून गेली नऊ वर्षं दर मे महिन्यात रंग लावतो, सोसायटीत कुणालाही विचारा. मी विचारलं. पहिल्या दारात उत्तर मिळालं, "आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात." दुसऱ्या दारात, "लक्ष नाही गेलं बुवा कधी." तिसरं दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, "जेवायला बसलोय." कुणाच्या कुंडीचं पाणी कुणाच्या गॅलरीत गळतं यावर तास-तास सभा घेणारी ही माणसं! नऊ वर्षं दर मे महिन्यात खाली बसणारा माणूस त्यांना दिसला नव्हता म्हणे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या कलमाला जामीन जागेवर द्यावा लागतो. वरिष्ठ म्हणाले, "पेपरात गाजतंय. सदोष मनुष्यवध लावा, पुरावा नष्ट केल्याचंही लावा." मी लावलं. सोमवारी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

सोमवारी संध्याकाळी मी लॉकअपसमोरून जाताना त्यांनी हाक मारली.

"साहेब, बाटलीवर चिठ्ठी चिकटवलीय, वाचलीत? स्वारगेटजवळच्या रंगाच्या दुकानाची आहे. तिथे विचारा. मी रंग गुरुवारी आणलाय. अपघात शनिवारचा."

"उद्या बघू."

"उद्या अकराच्या आत बघा. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. सप्टेंबरअखेर माझी निवृत्ती आहे. निलंबित असताना निवृत्त झालो तर पेन्शन अडकते, चौकशी मागे लागते. मुलीचं लग्न ठरवतोय, साहेब."

"बघू म्हटलं ना!"

माझी मोटरसायकल दारात उभी होती. स्वारगेटला जायला वीस मिनिटं लागली असती. पण आदल्या दिवशीच 'अठ्ठावीस तासांत आरोपी गजाआड' अशी बातमी आम्ही दिली होती, आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. मी घरी गेलो, जेवलो, झोपलो.

मंगळवारी साडेदहाला निघालो, तेही दुकानदाराचा जबाब हेडक्लार्कविरुद्ध मिळेल या आशेने. दुकानदार रंगारीच होता, शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावचा. बाटली पाहताच त्याने ओळखली.

"गुरुवारी नेली हेडक्लार्कसायबांनी."

"रविवारी नाही? नीट आठवा."

"रविवारी दुकान बंद असतंय माझं. आन् आठवायचं काय त्यात? दर मे म्हयन्यात येत्यात. येताना गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आणत्यात. जुन्या गाडीचा पांढरा पिवळा पडलेला असतोय, डब्यातला तसाच लावला तर ठिगळ दिसतंय. म्हणून झाकणावर जुळवून मागत्यात. एवढी दगदग करणारं दुसरं गिऱ्हाईक न्हाय माझ्याकडं."

त्याला ठाण्यात आणलं. आवारातल्या त्या गाडीचा एक ठिपका त्याने पात्याने खरवडला. खाली गंजाचे खड्डे होते.

"शनिवारी टवका गेला तर रविवारी एवढा गंज धरतोय व्हय, सायेब? आन् माणूस आपटला तर पत्रा बसतोय. ह्यो पत्रा सरळ हाय. तुमास्नी दिसलं न्हाय?"

दिसलं नव्हतं. मी फक्त ओला रंग पाहिला होता.

पुरावा नसल्याने आरोपीला सोडण्याचे कागद तयार होऊन सही होईपर्यंत दोन वाजले. एकूण एक्कावन्न तास.

मी रंगाऱ्याला विचारलं, मग ती गाडी कुठे शोधायची? तो म्हणाला, "नवी असंल तर आमच्याकडं कशाला येतीय? नव्या गाडीला कुणी रंग लावत न्हाय. शोरूमच्या वर्कशॉपात जावा, तिथं आख्खा पत्राच बदलत्यात."

तिसऱ्या वर्कशॉपमध्ये सापडली. सहा महिन्यांची पांढरी गाडी, खराडीच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाची. नवं बॉनेट बसलं होतं. जुनं मागच्या भंगारात पडलं होतं, मधोमध खोल बसलेलं, कडेत बाईंच्या साडीचा हिरवा धागा अडकलेला. मी विम्याची फाइल मागवली. 'साताऱ्याहून येताना कुत्रं आडवं आलं' असा अर्ज तिच्यात होता. त्यावर आमच्या ठाण्याचा शिक्का होता आणि सही माझी होती.

सोमवारी दुपारी तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, "सर, इन्शुरन्सवाले मागतात, प्लीज." मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. गाडी पाहायलाही मागितली नाही. त्याच्या खुर्चीपासून दहा पावलांवर हेडक्लार्क फरशीवर बसले होते. आरोपी आत आहे म्हटल्यावर समोरच्यावर संशय घ्यायचं मला कारणच उरलं नव्हतं.

त्याला अटक झाली. त्याच्यासाठी मात्र कुणी कलम वाढवायला सांगितलं नाही. निष्काळजीपणाचं कलम लागलं, जागेवर जामीन झाला, संध्याकाळच्या आत तो घरी. वर्षभरात कंपनीच्या कामासाठी परदेशीही गेला. बाईंचा नवरा तारखांना येऊन बाकावर बसायचा.

निलंबन रद्द व्हावं म्हणून मी हेडक्लार्कच्या कार्यालयासाठी पत्र तयार केलं आणि त्यांना दाखवायला घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, "या, बसा," म्हणाले, पाणी दिलं. चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"'गैरसमजातून अटक झाली' असं आपण लिहिलंय. गैरसमज कुणाचा, ते लिहिलं नाही."

मी पाण्याचा पेला उचलला.

"माझ्या निलंबनाच्या आदेशात माझं नाव आहे, हुद्दा आहे, कधीपासून कधीपर्यंत आत होतो ते आहे. इथे कर्ताच नाही. असं पत्र आमच्याकडे आलं तर मी स्वतः खुलाशासाठी परत पाठवतो, अहो."

"वरिष्ठांना विचारून दुरुस्त करून आणतो," म्हटलं. विचारलं नाही. पत्र तसंच पाठवलं. त्यांच्या कार्यालयाने ते खुलाशासाठी परत पाठवलं, आणि ते माझ्या टेबलावर पडून राहिलं. सप्टेंबर आला, ते निलंबित असतानाच निवृत्त झाले. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढे दीड वर्षाने सगळं नियमित झालं, असं ऐकलं.

या केसने मला काय शिकवलं? ज्याच्याकडे वर्कशॉप नाही, विमा नाही, तो आपली जुनी गाडी उघड्यावर, सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. म्हणून तोच दिसतो, आणि आम्ही दिसेल त्याला पकडतो. ज्याला पैसे देऊन पत्राच बदलता येतो, त्याला आम्ही खुर्ची देतो. शेजारी दार लावून घेतात. हे तेव्हा चाललं, आजही चालतं, आणि चालवणारे आपणच आहोत.

त्या पत्रातला खुलासा अजून राहिलाय. तो असा : गैरसमज तपास अधिकाऱ्याचा होता. तपास अधिकारी मी होतो. आणि सोमवारी संध्याकाळी तो दूर करायला माझ्याकडे वेळ होता.