सासूबाईंचा पट्टा आणि आईचं इंजेक्शन

जाम गावात आमच्या दुकानाच्या मागेच आमचं घर आहे. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला जाताना सासूबाईंची छाती भरून यायला लागली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, फक्त मिरच्यांचं काम माझ्याकडे सोपवलं. माझ्यावर त्यांनी एवढा विश्वास कधीच टाकला नव्हता, त्यामुळे मला लगेच शंका आली.

खोदून विचारल्यावर त्यांनी कबूल केलं, आणि आम्ही वर्ध्याला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं माहेर तिथलंच, म्हणून सोबतीला आई आली. या दोघी विहिणी एकमेकींना फार मान देतात, पण एकमेकींच्या मागे राहणं दोघींनाही चालत नाही.

ईसीजी चांगला आला. सासूबाई पिशवी घेऊन उठल्याच, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना परत बसवलं. हा कागद तुम्ही निवांत पडलेल्या असतानाचा आहे, त्रास तर जिना चढताना होतो, तेव्हा हृदयाला कामाला लावून बघावं लागेल, असं त्यांनी समजावलं. मग वर दवाखान्याचा सदरा, खाली खोचलेलं लुगडं आणि पायात माझे बूट अशा थाटात सासूबाई ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चढल्या. पट्टा थांबवला तेव्हा त्या थोड्या नाराजच झाल्या. एवढ्यात तर आपलं शेतही आलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आलेखाची रेष मात्र खाली गेली होती. बायकांच्या बाबतीत पट्टा कधीकधी उगाच घाबरवतो, सीटी स्कॅन करून रक्तवाहिन्याच पाहू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी चांगली चालली तर रेष काऊन वाकडी, हे सासूबाईंना काही केल्या पटेना.

त्या बोलण्यात आई सहज म्हणाली, की भरलेली बादली उचलली की आपला जबडा दुखतो, दात किडला असेल. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आईलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आईचे गुडघे केव्हाच गेलेले, पट्टा शक्यच नव्हता. दुसऱ्या खेपेला तिला आडवं करून शिरेतून औषध दिलं, त्यानं हृदय जोरात धावायला लागलं आणि ते कसं हलतं ते पडद्यावर पाहिलं. सासूबाईंना ही तपासणी फारच सोपी वाटली.

"पडल्यापडल्या कायची टेस्ट? मी तं पायानं चालली."

"माझंही हृदय धावलं, विहीणबाई," आई म्हणाली. "फक्त पायाले सोबत नाई नेलं त्यानं."

निकाल आले. सीटीत सासूबाईंच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. त्यांच्या अंगात रक्त कमी होतं, त्यासाठी गोळ्या मिळाल्या. आईच्या हृदयाची एक बाजू मात्र ताण आला की नीट हलत नव्हती. तिची अँजिओग्राफी करायची ठरली, आणि गरज पडली तर स्टेंट. तोवर दोघींची गंमत बघत असलेली मी आईची फाइल उचलून तारीख ठरवायला गेले.

अँजिओग्राफी मनगटातून होणार होती आणि आईच्या बांगड्या निघत नव्हत्या. मी नुसतीच ओढाताण करत होते. सासूबाईंनी मला बाजूला केलं, साबण लावून एकेक बांगडी काढली आणि आपल्या पदराला बांधली.

"मी तं तुमच्या सोबतीले आलती," आई हळूच म्हणाली.

"तं काय झालं? आता मी तुमच्या सोबतीले आहो."

एक स्टेंट बसला. आई घरी आली, आणि तिच्यामागोमाग सासूबाईही बॅग घेऊन आल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, भाजीतलं मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. भेटायला येणाऱ्यांना त्या पट्टा, सीटी आणि इंजेक्शन यांतला फरक समजावून सांगत. त्यात पट्टा सगळ्यात कठीण असे, आणि आईची तपासणी जास्त पक्की, हेही त्या मोठ्या मनानं कबूल करत.

एका दुपारी आईनं मला दबक्या आवाजात फोन केला. यांना आता जामला घेऊन जा, म्हणाली. मी संध्याकाळीच येते म्हटलं, तर तिनं घाईनं अडवलं.

"आज नको," म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येजो."