माशांचा वकील, मुक्काम केळझर

वर्धा जिल्ह्यात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी चौथी पास. समुद्र पाहिलेला नाही, पाहायची हौसही नाही. पण या माणसामुळे समुद्राची सारी माहिती मला बसल्या जागी झाली, आणि ती मी कोणाकडूनही दुरुस्त करून घेणार नाही.

मुंबईपासून लांब, भर समुद्रात, तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर तो वीसेक वर्षं आचारी होता. आता केळझरला असतो. प्लॅटफॉर्मवर नियम असा, की खरकटं बारीक दळल्याशिवाय पाण्यात टाकायचं नाही, आणि प्लास्टिक तर मुळीच नाही. तो नियम त्यानं गावी आणला. कोहळ्याची सालंही पाट्यावर वाटून मग उकिरड्यावर जातात. माझी मेहुणी म्हणते, "भाऊजी, मले चटणीले पाटा मियत नाई, कचऱ्याले मियते!" एका लग्नात तर हा पंगत सोडून तळ्याच्या चिखलात उतरला आणि प्लास्टिकचे गिलास वेचू लागला. नवरदेवाच्या मामाला वाटलं, कोणाची अंगठी पडली. तोही धोतर खोचून उतरला.

प्लॅटफॉर्मचे लोखंडी पाय समुद्राच्या तळापर्यंत गेलेले. त्यांना शिंपले, पोवळी चिकटलेली, आणि त्या आडोशाला माशांची वस्ती. बाहेरच्या होड्यांना जवळ यायची बंदी, म्हणून वस्ती वाढत गेली. पाणबुडे खालची चित्रं काढून आणत, आणि हा फोडणी करपेपर्यंत ती पाहत बसे. एकदा एका साहेबानं चोरून गळ टाकला आणि हातभर मासा तळायला आणून दिला. साडू म्हणाला, "साहेब, शेजाऱ्याले कोणी तव्यावर टाकते का?" साहेबानं त्या दिवशी अंडाभुर्जी खाल्ली.

मागच्या हिवाळ्यात जुन्या सोबत्याचा फोन आला. तेल संपलं, प्लॅटफॉर्म मोडणार, पाय कापून नेणार. दुसऱ्या सकाळी साडू सेलूला माझ्या दारात उभा, हातात कोरे कागद. त्याचं लिहिणं सहीपुरतं. माझं अक्षर मोत्यासारखं, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे.

"लिहा भाऊ. कंपनीच्या साहेबाले म्हणा, तेलाच्या विहिरीचं तोंड पक्कं बुजवा, वरचं सारं न्या, तेलाचा थेंब ठेवू नका. पण पाण्याखालचे पाय राहू द्या."

"काऊन राहू द्या? जेवण झालं का पत्रावळ उचलावी माणसानं."

"पत्रावळीवर चिमण्या बसल्या असन तं?"

"उडून जातीन."

"चिकटलेले कुठी उडन, भाऊ?"

पण एवढ्यानं मत बदलणाऱ्यांतला मी नाही. मी सरळ लिहिलं की आपलं लोखंड काढून समुद्र होता तसा करून द्यावा. आणि वाचून दाखवलं मात्र त्याच्या मनासारखं.

तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "अजून एकदा वाचा." मी वाचलं. पण मनचं वाचलेलं दुसऱ्यांदा तसंच थोडंच येतं? शब्द इकडचे तिकडे झाले. त्यानं डोळे उघडले, रागावला नाही. नुसता म्हणाला, "तुमचं मत तुमच्या कागदावर लिहा भाऊ. माह्या सहीच्या वर माहंच राहू द्या."

आयुष्यात मी कोणापुढे मान खाली घातली नव्हती. तो कागद फाडला आणि तो बोलला तसं, काना-मात्रा न बदलता लिहून दिलं. मग माझंही वेगळं लिहिलं. म्हटलं, हे मी निराळं पाठवीन.

"निराळं कायले? एकाच पाकिटात टाका. साहेबाले समजू द्या, वर्ध्याकडे याच्यावर भांडण चालू हाय."

उत्तर आलेलं नाही. चतुर्थीला मी केळझरच्या गणपतीला जातो, तेव्हा त्याच्याकडे चहा होतो. तो कप खाली ठेवून विचारतो, "कापले असन का हो?" मी म्हणतो, "उभे असन." मला काय ठाऊक? त्यालाही ठाऊक आहे की मला ठाऊक नाही. पण तेवढ्यानं तो उरलेला चहा पितो.

माझं मत आजही तेच आहे. फक्त पाकीट फोडताना माझा कागद तेवढा टेबलाखाली पडला असला तर बरं, असं अलीकडे वाटत राहतं.