सांडलेलं खाद्य

मोसंबीच्या सालीचा कडू अर्क माणसाच्या खाण्यात चालेल का, हे आधी पांढऱ्या उंदरांना विचारावं लागतं. जालन्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत ते काम माझ्याकडे होतं. अर्क मात्र माझ्या दोस्ताचा. घनसावंगीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. गणितं मी सोडवायचो, तो उतरवून घ्यायचा. पुढं तो साहेब झाला, मी पिंजऱ्यांपाशीच राहिलो. फेकायच्या सालीतून त्यानं सरबत टिकवणारा अर्क काढला, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. घरी ताट तसंच सरकवलं.

बायको म्हणाली, "दोस्ताचं नाव होऊन राह्यलं, अन् तुमचं तोंड एरंडेल पिल्यावानी का?"

आमची रीत अशी : खाद्य तोलून द्यायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं तोलायचं. जाळीखाली सांडलेलंही वेचून तोलायचं, नाहीतर तेही पोटात गेलं असं वहीत दिसतं.

अर्क घातलेलं खाद्य उंदरांना कडू लागे. ते पंजांनी उकरून खाली पाडत. पहिल्या दिवशी ते सांडलेलं मी घाईत भुशाबरोबर फेकलं. दुसऱ्या दिवसापासून घाई नव्हती, तरी फेकलं. वहीत चित्र उमटलं : उंदीर पोटभर खातात, तरी वाळत चाललेत.

तो रोज डोकावायचा. "काय म्हणतेत रे तुझे पाव्हणे?"

"खाऊन राह्यलेत बराबर. अंगी लागत न्हाई."

"सांडवत तर न्हाईत ना?"

"बिलकुल न्हाई."

तीन महिन्यांनी अर्क बाधक ठरला, काम बंद पडलं. तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

त्यानं नोकरी सोडली. आता वाटूरजवळ मोसंबीची बाग बघतो. दर हंगामात माझ्या दारात एक पिशवी ठेवून जातो. परवा आला, मोसंबी सोलली, साल नाकाशी धरून हुंगली. मग म्हणाला, "बरं झालं, वजनं तू करत होतास. दुसऱ्या कुणी माझी भीड धरून आकडे दाबले असते, तर लोकांच्या पोटात इख गेलं असतं."

मी फोड तोंडात टाकली अन् मान हलवली.

तो गेल्यावर साल टेबलावरच होती. त्याच टेबलावर हे लिहिलंय. सकाळच्या गाडीनं वाटूरला जातो. पहिल्यांदा हे त्यानं वाचायचं, माझ्यासमोर.