बोंडांचे ओरखडे

ती बातमी सात ओळींची होती आणि ती मी लिहिली होती.

यवतमाळच्या आमच्या दैनिकात त्या वर्षांत पहिलं पान कापसाचं असे. पडलेला भाव, बोंडअळी, फवारणीतून विषबाधा झालेल्यांची सरकारी दवाखान्यातली स्थिती. बाकी सगळं आतल्या पानांवर जाई. डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी शेजारच्या तालुक्यातल्या वार्ताहराचा फोन आला. आठवडी बाजारात साडी नेसलेल्या एका माणसाला लोकांनी धरून मारलं होतं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा महिनाभर मोबाइलवर फिरतच होती. पोलिसांत नोंद आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, अजून नाही. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मी 'संशय' हा शब्द वापरला. तो शब्द घातला की बातमीदाराची जबाबदारी संपते, असं आम्हाला कामावर शिकवलं गेलं होतं. मथळा होता: साडीतील पुरुषाला चोप, मुले पळविणाऱ्या टोळीचा संशय.

पान छपाईला गेल्यावर मला माझ्या मावशीच्या थोरल्या लेकराची आठवण झाली.

मावशीचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. हे तिचं पहिलं मूल. जन्माच्या दाखल्यावर मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणत असे. लहानपणी आम्ही दोघंही मावशीबरोबर वेचणीला जायचो. कमरेला कापडाची ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी कापूस काढून तिच्यात टाकत पुढे सरकायचं. मुलगे हे काम दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत करतात. त्यानंतर त्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप येतो. तिकडे वेचणी बायांची आणि फवारणी बाप्यांची, हे कोणी ठरवल्याचं कोणाला आठवत नाही, पण मोडलेलं सगळ्यांना दिसतं. मावशीच्या या मुलाच्या पाठीवर पंप दिला तेव्हा त्याने तो बांधावर ठेवला आणि पुन्हा ओटी बांधली. मार बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटी. पुढे केस वाढले, मग साडी आली. आजूबाजूचं गाव हसलं, मग कंटाळलं. वेचणीच्या टोळीतल्या बायांनी मात्र हात चांगला चालतो म्हणून तिला घेतलं आणि तो विषय त्यांच्यापुरता तिथेच संपला.

मी इथून पुढे 'ती' लिहितो, कारण ती स्वतःला तेच म्हणत असे. तेव्हा मात्र माझ्याच्याने ते होत नव्हतं. दादा म्हणणं मी सोडलं होतं, ताई म्हणणं सुरू केलं नव्हतं. दोन वर्षं मी तिला कुठलीही हाक न मारता बोलत होतो.

त्या बातमीच्या काही महिने आधी पत्रकारांसाठी एक प्रशिक्षण झालं होतं. तिथे एका प्राध्यापक बाईंनी लिंग आणि लिंगभाव यांतला फरक सांगितला. लिंग शरीराचं असतं. बाईने काय करावं, पुरुषाने कसं चालावं, काय नेसावं, हे समाज शिकवतो. मी ते वहीत नीट उतरवून घेतलं आणि पुढच्या खेपेला तिला वाचून दाखवलं.

"समाज शिकवते म्हनते?" ती म्हणाली. "मले तर उलटंच शिकवलं. मारून शिकवलं. तरी मी शिकली नाही. हे लिहून घेतलं काय तुया बाईनं?"

ते वहीत नव्हतं.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी निघालो. माझी बातमी वाटेतच मला भेटली. समोरच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर त्या कात्रणाचा फोटो शेजाऱ्याला दाखवत होता. गावात पोहोचलो तेव्हा वेचणीची टोळी काळीपिवळी जीपमध्ये बसून झाली होती. त्या दिवशी दहा-बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात काम होतं. ती मागच्या बाकावर कडेला बसली होती. मी तिला उतर म्हणालो. कारण सांगितलं, बातमी कोणी लिहिली ते सांगितलं नाही.

"आज घरी बसली तर उद्या इचारतीन, काहून बसली," ती म्हणाली. "मंग तं पक्कंच होईन."

टोळीतली सगळ्यात वयस्क बाई, जिला सगळ्या मोठीमाय म्हणत, तिने सरकून मधे जागा केली. "इकडं ये व. कडंले हवा लागते." तिला मधे घेतलं गेलं. मी ड्रायव्हरशेजारी बसलो.

फाट्यावर रस्त्यात मोटारसायकल आडवी लावली होती. सहा माणसं होती. एकाच्या हातात फावड्याचा दांडा होता, बाकीच्यांच्या हातात काठ्या. दांडेवाल्याने गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं.

"काहून?" मागून एकीने विचारलं. "वावर इथं आनलं काय तुमी?"

दोघी-तिघी हसल्या. तो हसला नाही. सगळ्या खाली उतरल्या तसा तो एकेकीचं तोंड पाहत गेला. तिच्यासमोर थांबला. ती सगळ्यांत उंच होती, हनुवटी रुंद होती आणि तिने पदर जास्त पुढे ओढला होता.

"हे कोन व्हय?"

तो माझ्याकडे वळला. जीपमध्ये ड्रायव्हर सोडला तर मीच एक पुरुष होतो, म्हणून प्रश्न माझा झाला. माझ्या तोंडात दादा हा शब्द तयार होता. वीस वर्षांची सवय होती ती. तो बाहेर पडला असता तर पुढे काय झालं असतं ते मला माहीत होतं, आदल्या संध्याकाळी मीच ते लिहिलं होतं.

"माझी ताई आहे," मी म्हणालो.

त्याने माझे बूट पाहिले. "तुमी तं शहरातले दिसता. मंग तुमची ताई मजुरीले कशी?"

माझ्या मदतीने एवढंच झालं. त्याचा संशय वाढला. त्याने मोबाइल काढून मला माझीच बातमी वाचून दाखवली, बोट ठेवून, अडखळत. "पेपरात आलं हाय. खोटं असते काय? बोलू द्या हिले. नाव सांग व तुयं."

तिचा आवाज पुरुषी होता. हे टोळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ती जमिनीकडे पाहत होती. दांडा त्याने या हातातून त्या हातात घेतला.

तेव्हा मोठीमाय पुढे आली. तिने ताईचा उजवा हात मनगटाला धरून त्याच्या नाकाखाली नेला.

"बोटं पाह्य. हे बाप्याचे बोटं हायेत काय? तुया घरच्या कोन्या बाप्यानं बोंडाले हात लावला काय कधी?"

उकललेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोकदार असतात. कापूस काढताना त्या नखांच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना लागतात. महिनाभराच्या वेचणीत जुने ओरखडे काळे पडतात आणि त्यांच्यावर नवे उमटतात. त्याने हात उलटसुलट करून पाहिला. बोटं एकेक करून पाहिली.

"अन तुये दाखव बे," मागचा एकजण त्याला म्हणाला. बाकीचे हसले. त्याने स्वतःचा हात पाहिला नाही, पण दांडा खाली टेकवला.

"बाईच हाय," तो म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "लय उंच हाय पन. नवरा भेटला नसन."

"तू करतं काय लगन?" मोठीमाय म्हणाली. "तुया होनाऱ्या सासूले इचारून सांगते." त्यावर सगळेच हसले आणि मोटारसायकल बाजूला झाली.

त्याला शरीर तपासायचं होतं. त्याने काम तपासलं आणि त्याचं समाधान झालं. कापूस वेचणारा माणूस बाईच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ज्या नियमासाठी तिने लहानपणी मार खाल्ला, त्याच नियमाने त्या दिवशी तिला जाऊ दिलं. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त जीपमध्ये चढून पुन्हा ड्रायव्हरशेजारी बसलो.

जीप फाटा सोडून पुढे गेली. मग मागून तिचा आवाज आला.

"ते बातमी तुया पेपरातली व्हय ना?"

"हो."

"तूच लिहिली?"

"हो."

मी मागे वळून पाहिलं नाही. वावर आल्यावर ती उतरली, ओटी बांधली आणि कापसाच्या एका ओळीला, तासाला लागली.

आदल्या दिवशी मार खाल्लेला माणूस गावोगाव फिरून देवीच्या नावाने साडी नेसून जोगवा मागणारा होता, असं वार्ताहराने दुपारी कळवलं. मी खुलासा छापायला हवा असं संपादकांना म्हणालो. त्यांनी माझी बातमी पुन्हा वाचली. "संशय लिहिलंय ना तुम्ही? मग खुलासा कशाचा?"

फेब्रुवारीत वेचणी संपली. एप्रिलमध्ये मी मावशीकडे गेलो. अफवा थांबलेली नव्हती. दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस होता आणि ती बाजारात निघणार होती, म्हणून मी तिच्यासोबत जायचं ठरवलं होतं. ती घरात नव्हती. मागच्या अंगणात, सरपणासाठी रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ बसली होती. एका काडीला रिकामं वाळलेलं बोंड होतं. ते घेऊन ती त्याचं टोक बोटांवरून ओढत होती. दाबून, एकेका बोटावरून. मला पाहून थांबली नाही.

"ओरखडे भरून आले सगळे," ती म्हणाली. "दोन-चार तरी दिसले पाह्यजेत."

मावशी बाजाराची पिशवी घेऊन दारात आली. तिने लेकीचा हात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला.

"आंगठ्याले बी लाव," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्याकडे दिली.