चौदा दिवसांचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका शिकून वाया गेलेला माणूस कर्जत-खालापुरात दुसरा नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. मी सातवी नापास. भाड्याच्या टेंपोतून जुन्या घरांची दारं-खिडक्या आणून चौक गावात हायवेच्या कडेला विकायला लागलो; आज तिथंच माझं घर आणि स्वतःचं गोडाऊन आहे. घासाघीस केल्याशिवाय मी एक चौकट घेतली नाही की विकली नाही. आणि पोरगी दिली कुणाच्या घरात? जन्मभर कर्जतला नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता शेजारच्या देशांत कुठल्या संसदेला काय अधिकार आहेत याची तुलना करत बसलेल्या गृहस्थाच्या!

त्यासाठी त्यांनी दोनशे पानी वही घातली आहे. पट्टीनं आखलेले रकाने: देश कोणता, सभागृहं किती, पैशावर हुकूम कुणाचा, सरकार पाडायचं कसं. नेपाळचं सरकार पाडायला व्याह्यांना कुणी बोलावलेलं नाही, पण यांची तयारी पूर्ण. बाजारात भेंडी निवडताना "श्रीलंकेत एकच सभागृह, पाकिस्तानात दोन" सुरू झालं की भाजीवाली हात जोडते. एकदा माझ्यादेखत म्हणाली, "गुर्जी, पाकिस्तान मंग बगू. पयली भेंडी घ्याची का नाय ते सांगा, मागं गिऱ्हाईक उभं हाय." सोसायटीत पाणी येईना म्हणून लोक चेअरमनला हटवायला जमले, तर हे उठून म्हणतात, "नेपाळात पंतप्रधान नेमल्यावर पहिली दोन वर्षं अविश्वासाचा ठरावच आणता येत नाही. आणि पुढं आणलाच, तर नवा कोण त्याचं नाव ठरावातच लिहावं लागतं." नवा कोण म्हटल्यावर जो तो खाली बघायला लागला. चेअरमन अजून आहे. पाणी अजून नाही.

लग्नाच्या बैठकीत तर त्यांनी माझा अपमानच केला. मानपान, हॉल, जेवणावळ, कुठं ताणायचं नि कुठं सोडायचं, सगळं मनाशी ठरवून मी गेलो होतो. व्याही म्हणाले, "शेठ, भूतानच्या वरच्या सभागृहात कुठल्याच पक्षाचा माणूस चालत नाही. आपणही आज मुलाकडचे-मुलीकडचे न होता बसू. आम्हाला काही नको." काही नको! समोरच्यानं मागितलंच नाही तर मी पाडून काय घेऊ? वीस मिनिटांत बैठक उठली. लग्न ठरलं, पण सौदा झाल्यासारखं मला आजतागायत वाटलेलं नाही.

खरा सल वेगळाच आहे. माझ्या गोडाऊनला लागून एक जागा विकायला निघाली. मनीषानं आणि जावयानं तिथं घर बांधावं, पोर डोळ्यांसमोर राहावी, एवढीच माझी हाव. मालकाला आठवडाभर चहा पाजून मी भाव खाली आणला आणि कर्जत गाठलं. जावई म्हणाला, आप्पांना विचारू. आप्पा, म्हणजे आमचे व्याही, चष्मा पुसत म्हणाले, "राज्यसभेला धन विधेयक नाकारता येत नाही, पण चौदा दिवस ठेवून घेता येतं. मी या घरातलं वरचं सभागृह. चौदा दिवस द्या."

"अहो, तो मालक चौदा तास थांबणार नाही!" मी ओरडलो.

"चौदा दिवस," व्याही म्हणाले. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी नजर पडताच ती आत वळली.

अकराव्या दिवशी जागा टायरवाल्यानं घेतली. मालक वर मलाच म्हणतो, "शेट, तुमचे व्याई इचार करत बसले, मंग आमी काय करनार?" तेव्हापासून रोज सकाळी तिथं चाकावर हातोडा पडतो, तो माझ्या डोक्यात पडतो. व्याह्यांशी मी बोलणं टाकलं. पुढं बाळंतपणाला पोर माहेरी आली नाही, त्याचा दोषही मी त्या हातोड्यावर टाकला.

नातीच्या बारशाला मात्र जावंच लागलं. व्याही पेढे आणायला आत गेले, वही टेबलावर उघडी होती. चेष्टेला काहीतरी सापडेल म्हणून मी ती ओढली. भारत, नेपाळ, भूतान, श्रीलंका, आणि सगळ्यांत खाली, तशाच सुबक अक्षरात: चौक. सभागृह एक. अधिवेशन बोलावल्याची नोंद नाही. सर्व अधिकार प्रमुखांकडे. प्रमुख मनानं चांगले, आवाजानं कठीण. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "सूनबाईंना चौकला राहायचं नाही. वडिलांना तसं सांगण्याचं धाडस नाही. विधेयक आपण रोखावं, दोष आपल्यावर घ्यावा."

मी वही होती तशी सरकवली. व्याही पेढे घेऊन आले, जरा चाचरत म्हणाले, "शेठ, मालदीवमध्ये एक गंमत आहे..." आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "सांगा." त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मग तासभर सांगत होते. मला त्यातलं काही कळलं नाही. मी मनीषाकडे बघत होतो. पाळण्याची दोरी ओढता ओढता ती सासऱ्याची थट्टा करत होती, मोठ्यानं हसत होती. माझ्या घरात ती असं हसल्याचं मला आठवेना.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "तुला चौकला राहायला आवडतं का गं?"

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "अवो, तब्येत बरी हाय ना तुमची?"

मी म्हणालो, सावकाश सांग. अजून तिनं उत्तर दिलेलं नाही, आणि मीही आवाज चढवलेला नाही. आज बारावा दिवस आहे.