पहिल्या ओळीवरची सही

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं तिथे तयार व्हायची. आम्ही एकतीस बायका पॅकिंगला होतो. झाकणाच्या कडेला राहिलेलं प्लास्टिक ब्लेडने काढायचं, वाकडी झाकणं बाजूला टाकायची, चांगली पिशवीत भरायची, एवढंच काम. सुट्टी पाचला. पण ऑर्डर मोठी असली की पाचच्या ठोक्याला सुपरवायझर दारात येऊन सांगायचा, "गाडी पंक्चर आहे."

कंपनीच्या गाडीशिवाय गावी परतायची सोय नव्हती, म्हणून आम्ही थांबायचो. थांबलोच आहोत तर नुसतं कशाला बसायचं, म्हणून झाकणं पुढ्यात यायची. ऑर्डर भरली की पंक्चर निघायचं. हे आठवड्यातून चार-चार दिवस. गाडी दारासमोर चारही चाकांवर ठणठणीत उभी दिसायची. एकदा अंथुर्ण्याहून येणाऱ्या मावशींनी ड्रायव्हरला विचारलं, "कंचं चाक रं बाबा?" त्याने आधी पुढच्या चाकाकडे बोट केलं, मग विचार बदलून मागच्याकडे.

जादा कामाचे पैसे मागितले तर उत्तर ठरलेलं होतं. तुम्ही गाडीची वाट बघत होतात, कामाला कुणी बसवलं होतं?

दोन वर्षं हे ऐकल्यावर मी बारामतीला एका वकिलांकडे गेले. मी का, तर मी दहावी झालेली आणि इंदापुरात राहणारी. वकील म्हणाले, "एकटीने मागितले तर उद्या घरी बसवतील. एकतीस जणींना घरी बसवलं तर झाकणं कोण करणार? सगळ्यांनी मिळून दावा करा. पण सह्या सगळ्यांच्या हव्यात. निम्म्या असल्या तर त्या निम्म्यांना काढतील." त्यांनी वर मजकूर आणि खाली एक ते एकतीस आकडे टाइप केलेला कागद दिला.

सह्या घ्यायच्या कुठे? कारखान्यात सुपरवायझर, गाडीत ड्रायव्हर, आणि बायका चार दिशांच्या गावांतल्या. संक्रांत नुकतीच झाली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. एका रविवारी मी माझ्या घरी हळदीकुंकू ठेवलं. बायका जमल्या तर कुणी का विचारणार नाही. मावशी म्हणाल्या, "मला कशाला बोलावतीस गं? माझं कपाळ मोकळं."

"सहीला कुंकू लागत नाही, मावशी. या."

सगळ्या आल्या. तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाची गाळणी झाली. मग मी पाटावर कागद ठेवला. आमच्याकडे पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून माणसं सख्ख्या भाच्याच्या लग्नाला येत नाहीत. इथे मात्र वरचं नाव कुणालाच नको होतं.

"तुमी करा, तुमी थोरल्या," एकजण मावशींना म्हणाली.

"थोरली म्हून काय मला आधी ढकलतीस व्हय? पयली सही म्हंजी म्होरकी. म्होरकीलाच आधी हाकलत्यात."

मीही केली नाही. खोटं कशाला सांगू? माझ्या नवऱ्याला त्या वर्षी काम नव्हतं, घर माझ्या पगारावर चाललं होतं. शेवटी मावशींनीच तोड काढली. "येक नंबरची वळ सोडा. दोनपासनं करा." सगळ्यांना हे एकदम पटलं. दोनपासून सह्या झाल्या, आणि शेवटी मी हाताने बत्तीसचा आकडा घालून माझी केली.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. सोबत आमच्या मॅनेजरांची बायको. मॅनेजर पुण्याचे, आमच्याच पेठेत भाड्याने राहायचे. "यांना म्हटलं चला, सगळ्यांत ओळख होईल," शेजारीण म्हणाली. दाराशी आलेल्या सवाष्णीला कोण परत पाठवणार? मी घाईने तिळगुळाचं ताट कागदाच्या वरच्या भागावर ठेवलं. मजकूर झाकला. सह्या उघड्या राहिल्या. ही चूक माझी.

"या वहिनी," मी मॅनेजरांच्या बायकोला म्हटलं. वहिनी खुर्चीवर बसल्या, हळदीकुंकू लावून घेतलं, आणि पाटाकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्याकडे सह्याही घेतात? छान पद्धत आहे." मग वाकून बघितलं. "आणि पहिली जागा माझ्यासाठी ठेवलीत?"

मावशींच्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय, बाईसाहेब."

वहिनींनी पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं पूर्ण नाव लिहिलं. वर उखाणाही घेतला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

वकिलांनी कागद बघितला. "ह्या कोण?"

"मॅनेजरांची बायको."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे कंपनीवर दावा लावणारी पहिली अर्जदार मॅनेजरची बायको." मग म्हणाले, नाव खोडायचं तर खाडाखोडीशेजारी त्या बाईंचीच सही पाहिजे. नाहीतर नवा कागद, पुन्हा सगळ्या सह्या. मी दुसऱ्या दिवशी गाडीची वाट बघताना बायकांना हळूच विचारलं. "येकदा केली ती केली," त्या म्हणाल्या. "तवा गोड खाऊन केली. आता न्हाय व्हायची." दोन वर्षांच्या संध्याकाळींचा हिशोब एका ओळीवर अडकला.

मग मी वहिनींकडे गेले आणि सरळ सांगितलं. "वहिनी, तो दाव्याचा कागद होता. साहेबांच्या कंपनीवर."

त्यांचा चेहरा उतरला. "पण हळदीकुंकू होतं ना?"

"तेही होतं. इथे रेघ मारा आणि शेजारी सही करा."

त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "संक्रांतीच्या हळदीकुंकवात लिहिलेलं नाव खोडू? यात ह्यांचं नाव आहे. ह्यांच्या नावावर माझ्या हाताने काट मारू?"

"नाही मारलीत तर साहेबांची नोकरी जाईल."

"नोकरी दुसरी मिळेल," वहिनी म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर स्कूटरवरून माझ्या दारात. "बाई, दावा करा. हवा तेवढा मोठा करा. पण तिचं नाव मालकांपुढे जाता कामा नये."

"वहिनी खोडू देत नाहीत."

"माहीत आहे. घरात तो विषय काढायची मला बंदी झालीय."

"मग नवा कागद लागेल. आणि बायका परत सही करायला भितात."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मला कशाला भ्यायचं?" ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

वकिलांकडून मी नवा कागद आणला त्या दिवशी दुपारी अडीचला मशिनं बंद झाली. आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं. मॅनेजर टेबलापाशी उभे राहिले. "घाबरायचं काही कारण नाही. कंपनीविरुद्ध सह्या करायच्या आहेत. प्रत्येकीने करायची."

मागून एकीने विचारलं, "साहेब, सक्तीचं हाय का?"

"हो, सक्तीचं आहे."

सुपरवायझरने पेनं आणून दिली. एकजण आजारी म्हणून भिगवणला घरी होती. तिला आणायला कंपनीची गाडी गेली आणि तासाभरात परत आली.

पण पहिल्या ओळीपाशी पुन्हा तेच. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. "अहो, पहिली कोण? लवकर करा, मशिनं थांबलीत." ती ओळ पुन्हा रिकामी सोडली, तर आता तिथे कोण येऊन बसेल याचा नेम नव्हता. मी सही केली. पेन चालेना म्हणून दुसरं मागितलं, एवढाच काय तो उशीर झाला. "आता दोन नंबर माजा," म्हणत मावशी पुढे झाल्या. जुना कागद मी मॅनेजरांना न खोडता दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि माझे आभार मानले.

दावा पुण्याच्या कामगार न्यायालयात उभा राहिला. कंपनीचं म्हणणं आलं, की बाहेरच्या माणसांनी अडाणी बायकांना फूस लावून सह्या घेतल्या. पहिलं नाव माझं, म्हणून साक्षीला मला उभं केलं.

"सह्या कुठे झाल्या?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"कंपनीच्या कँटीनमध्ये."

"कधी?"

"कामाच्या वेळेत. मशिनं बंद करून."

"कुणी करायला लावल्या?"

"मॅनेजरसाहेबांनी. सक्तीचं आहे म्हणाले."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं. कंपनीचे वकील मागे वळले. मॅनेजर छताच्या पंख्याकडे बघत होते. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, एकतीस जणींनी ऐकलं होतं; आणि हो म्हटलं तर 'का' हा प्रश्न आला असता. कंपनीने पुढची तारीख मागून घेतली आणि त्या तारखेच्या आधीच तडजोडीला आली.

पैसे पगाराच्या खिडकीवर मिळाले. यादीप्रमाणे आधी मला हाक मारली. मागच्या रांगेतून आवाज आला, "तुमचं बरं हाय बाई. पयला नंबर."