खळबाईंनी निवडलेली देवी

खळबाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण वाचनालयात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. बावीस वर्षं त्या तळमजल्यावरच्या बांधणी विभागात बसून फाटकी पुस्तकं शिवत होत्या. बोटांना खळीचा आंबूस वास कायमचा चिकटलेला, म्हणून खळबाई. नाव शिपायाने पाडलं आणि त्यांनी ते हसून घेतलं.

हसणं तेवढं वाचनालयातच. घरी नवरा अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. धडधाकट, जिन्यावरून शीळ घालत उतरणारा माणूस एका सकाळी दाढी करता करता कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने जीव कदाचित वाचेल, पुढचं काही सांगता येत नाही. खळबाईंनी त्यांचे पाय धरले. "कसाही राहू दे, पण राहू दे."

राहिला. हातपाय गेले, माणसं ओळखणं गेलं, राहिला तो आवाज. जुन्या कामातले दोनचार शब्द दिवसभर चालू असत. "वर घे... थांब... वर घे." खळबाई कामावर गेल्या की त्याच्यापाशी त्याची थोरली बहीण बसे. ती विधवा होती, भावासाठीच या घरात राहायला आली होती. भाऊ एक दिवस उठून बसेल, यावर तिचा पुरता भरवसा होता.

त्या वर्षी बालविभागाच्या बाईंनी मुलांसाठी ग्रीक पुराणकथांचा आठवडा ठरवला. वाचनालयातल्या प्रत्येकाने आपला आवडता ग्रीक देव निवडायचा, कार्डावर कारण लिहायचं आणि ते फळ्यावर लावायचं. ग्रंथपाल मॅडमनी कुणी विचारायच्या आत अथीना घेतली. बुद्धीची देवी, खांद्यावर घुबड, दुसरं कोण घेणार? शिपायाने हर्मीस पटकावला. "पायांना पंख आहेत, पण काम काय, तर निरोप पोचवायचे. आपल्याच खात्यातला माणूस!" देवघेवीच्या कारकुनाने दारूचा देव कोण एवढंच विचारलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

"खळबाई, तुमचं कार्ड कोरं का?"

"मला कुठले माहितीयेत हो ग्रीक देव? आमच्याकडे पुस्तक येतं ते कणा मोडून. वाचायला म्हणून थोडंच येतं?"

बालविभागाच्या बाईंनी मग एक जाडजूड पुस्तकच त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पानं सुटी झालेली होती. "शिवताशिवता चाळा."

खळबाईंनी जेवणाच्या सुट्टीत ते उघडलं. देव भांडत होते, पळवापळवी करत होते, एकमेकांच्या बायकांवर डोळा ठेवून होते. वाचताना त्यांना हसूही आलं. मग ईऑसचं पान लागलं.

ईऑस ही पहाटेची देवी. तिचा जीव जडला टिथोनस नावाच्या एका मर्त्य माणसावर. तो मरणार ही कल्पनाच तिला सोसेना. तिने देवांच्या राजापाशी, झ्यूसपाशी, पदर पसरला. याला मरण येऊ देऊ नकोस. झ्यूसने मान हलवली. पण तरुण राहू दे, हे मागायचं ती विसरली. टिथोनस म्हातारा झाला, जर्जर झाला, हात उचलेना, पाय हलेना, आणि मरेना. शेवटी तिने त्याला एका खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. आत त्याचा आवाज तेवढा अखंड चालू राहिला.

खळबाईंनी ते पान तीनदा वाचलं. पोळी तशीच डब्यात राहिली. मग त्यांनी पेन घेऊन कार्डावर लिहिलं: 'ईऑस. कारण तिने जे मागितलं ते तिला मिळालं.'

"वा!" बालविभागाच्या बाई म्हणाल्या. "किती आशादायक लिहिलंत!"

खळबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी घरी त्या आणि नणंद मिळून नवऱ्याला कुशीवर वळवत होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हे दिवसातून सहा वेळा करावं लागे. नणंदेने सहज विचारलं, "काय गं, त्या देवांचं काय झालं? कोण निवडलंस?"

आणि खळबाईंनी सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडून निघत गेलं.

"मग? शेवटी काय केलं तिने?"

"खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं."

नणंदेचे हात भावाच्या पाठीवर थबकले. "एवढ्या देवी पडल्या होत्या, आणि तुला हीच आवडली?"

"आवडली नाही, ताई. ओळखीची वाटली."

"माझा भाऊ मेलेला हवाय का तुला?"

नाही म्हणायला एक क्षण लागला असता. तो क्षण खळबाईंनी जाऊ दिला. "सुटलेला हवाय," त्या म्हणाल्या. "आणि मलाही सुटायचंय, ताई. मी फार थकलेय."

"वर घे," नवरा म्हणाला. "थांब. वर घे."

"बाजूला हो," नणंद म्हणाली. "हात लावू नकोस त्याला." तिने एकटीने, धापा टाकत, भावाला वळवलं, पुसलं, कपडे बदलले. खळबाई भिंतीला टेकून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरून आपलं कार्ड काढलं आणि नव्यावर 'अथीना' लिहिलं. कारण लिहिलंच नाही.

नणंद घर सोडून गेली नाही. जाणार कुठे? पण त्यानंतर ती खळबाईंशी कामापुरतंच बोलली. "गोळी दिलीय." "चादर बदल." दोन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी वाचनालयात शेजारणीचा फोन आला. नणंद स्वयंपाकघरात पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या पर्समध्ये हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, आठ महिन्यांपूर्वीची. ताबडतोब दाखल व्हा, असं लिहिलेलं. ती झाली नव्हती. दिवसा भावापाशी कोण बसणार, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. विचारण्याजोगं माणूस घरात एकच होतं.

खळबाईंनी चिठ्ठी चारचारदा उलगडली आणि घडी घातली. त्यांना रडू आलं नाही. एकच विचार सारखा मनात येत राहिला. गेली ती. ज्याला जायला हवं तो नाही, ती गेली.

त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला शिपायाने नेहमीचा विनोद करून पाहिला, पण तो अर्ध्यातच गडबडला. बालविभागाच्या बाई सुरुवातीला चार फाटकी पुस्तकं घरी आणून देत. पुढे त्यांची बदली झाली.

आता दिवसाच्या सहाही खेपा खळबाई एकट्या त्याला वळवतात. परवा सरकारी दवाखान्यातले नवे डॉक्टर घरी तपासायला आले. त्यांनी छातीला नळी लावली, पाठ पाहिली आणि कौतुकाने मान डोलावली.

"एकही जखम नाही. हृदय तर तिशीतल्या माणसासारखं आहे. अजून वीस वर्षं काही होत नाही यांना. फार छान सांभाळलंत तुम्ही, बाई."

खळबाईंनी डॉक्टरांना हात धुवायला साबण दिला, टॉवेल दिला, आणि ते जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.